पुन्हा पुन्हा लागणारा दिवा

आपल्या घरांत दिवा लागणे ही शुभ गोष्ट मानली जाते. तो ‘विझला’ असे म्हणणेदेखील जुन्या माणसांना रुचत नाही. दिवा ‘मालवला’ किंवा ‘शांत केला’ असे ते म्हणतात. मोटरसायकलच्या हँडलपाशी असणाऱ्या ऑइलच्या चिमुकल्या दिव्याची रीत मात्र अगदी उलट आहे. तो मालवलेला असतो तोवर सारे ठीक. धावत्या गाडीवर तो लागला की इंजिनाच्या पोटात काही विपरीत घडत आहे असे समजावे. तो एकदा लागून तसाच राहिला, तर प्रश्न अवघड नाही. गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. नीतीच्या दृष्टीने खरी अडचण उभी राहते ती लागणाऱ्या, विझणाऱ्या, दहा कोसांवर पुन्हा लागणाऱ्या दिव्यामुळे. कारण त्या साऱ्या वेळात गाडी बिनतक्रार धावतच असते. अशा दिव्यावर किती विश्वास ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, आणि त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो?

प्रथम तो दिवा काय सांगतो हे समजून घेतले पाहिजे. इंजिनात तेल किती उरले हे तो सांगतो, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक, बहुतेक गाड्यांवर तो तेलाचा दाब सांगतो. तेलाच्या मार्गावर एक लहान स्विच बसवलेला असतो. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो विजेचे मंडल पुरे करतो आणि दिवा लागतो. ही मर्यादा फार खालची असते. म्हणून दिवा लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. तेल कमी असणे, ते जुने होऊन पातळ होणे, पंप किंवा बेअरिंग झिजणे, गाळणी तुंबणे अशा कितीतरी कारणांनी दाब उतरतो. कधी स्विचच बिघडतो, तर कधी त्याची तार घासून उघडी पडते आणि गाडीच्या सांगाड्याला टेकते. हीच तार तुटून पडली तर दिवा कधीच लागणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बीएमडब्ल्यू कंपनीच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या दोन सिलिंडरच्या गाड्यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १९६९ पासून बर्लिनमध्ये तयार होऊ लागलेल्या या गाड्या दूरच्या प्रवासासाठी नावाजल्या. त्यांतील ‘आर १०० आरटी’ ही तर खास लांबच्या वाटेसाठीच घडवलेली होती. या इंजिनांत तेलाच्या गाळणीच्या तोंडाशी एक रबरी कडी बसते. तिची किंमत किरकोळ. परंतु ती विसरली गेली किंवा नीट दाबून बसली नाही, तर दाबाखालचे तेल बेअरिंगकडे न जाता आतल्या आत खालच्या टाकीत परत जाते. बाहेर जमिनीवर एक थेंब सांडत नाही. मोजपट्टी बुडवून पाहावी तर तेल पुरेपूर दिसते. दोन साक्षीदार निर्वाळा देत असतात की सर्व कुशल आहे, आणि तिसरा तेवढा अधूनमधून डोळा उघडतो. या गाड्यांचे शौकीन त्या कडीला विनोदाने ‘दोन हजार डॉलरची कडी’ म्हणतात, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर दुरुस्तीचा खर्च त्या घरात जातो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच गाड्यांवर स्विच बिघडण्याचे प्रकारही नित्याचे आहेत. शिवाय उन्हात तापलेले इंजिन सिग्नलपाशी मंद गतीने चालू असताना तेल पातळ होऊन दाब उतरतो, दिवा क्षणभर लुकलुकतो, आणि थोडी गती दिली की विझतो. म्हणजे एकच दिवा कधी खरा असतो, कधी खोटा, आणि कधी अर्धवट खरा. त्यामुळे ‘स्विच गेला असेल’ हे वाक्य ओठांवर लगेच येते. ते नेहमीच चुकीचे असते असे नाही. पण आपल्याला ते इतके गोड का वाटते, हे विचारण्याजोगे आहे. स्विच गेला असेल तर खर्च थोडा आणि प्रवास चालू. बेअरिंग गेले असेल तर इंजिन उघडावे लागणार. पुराव्याने जे ठरवायचे ते आपण सोयीने ठरवतो आणि त्याला अनुभव हे नाव देतो. आपल्या मराठीत ‘चालवून घेणे’ असा एक प्रयोग आहे. गाडी चालवणे आणि दोष खपवून घेणे या दोन्ही क्रिया त्यात जणू एकाच आसनावर बसल्या आहेत.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीविषयी एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची कल्पित कथा आहे. जहाज जुने आहे, डागडुजीला आले आहे, हे त्याला ठाऊक असते. देशांतराला निघालेली कुटुंबे त्यावर चढायची असतात. मनातील शंका तो एकेक करून शमवतो. या जहाजाने किती वादळे पार केली, मग याच खेपेला काय होणार? परमेश्वर त्या बापड्या कुटुंबांना सांभाळील. जहाज बुडते आणि मालक विम्याची रक्कम घेतो. क्लिफर्डचा निर्णय असा की मालकाचा विश्वास मनापासूनचा असला तरी तो अपराधी आहे, कारण तसा विश्वास धरण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे तो विचारतो: जहाज सुखरूप पोहोचले असते तर? तरीही अपराध तेवढाच. ईश्वरावरील भरवशाला क्लिफर्डने त्या मालकाच्या सबबींत जागा दिली, हे आपल्यापैकी काहींना बोचेल. मला ते न्याय्य वाटते. तपासणीचा खर्च वाचवण्यासाठी घेतलेले देवाचे नाव हा भरवसा नव्हे.

मोटरसायकलवर या कथेला एक विशेष धार येते. मोटारीत शेजारी बसलेल्याला दिवा दिसतो, तो निदान विचारू तरी शकतो. मोटरसायकलवर तो दिवा एकट्या चालवणाऱ्यापुढे असतो. मागे बसलेली पत्नी किंवा मुलगी त्याची पाठ पाहत असते. तेल न मिळाल्याने इंजिन धावता धावता जाम झाले, तर मागचे चाकही अडकू शकते; चालवणाऱ्याने तत्क्षणी क्लच दाबला तर गाडी सावरते, एरवी दोघेही रस्त्यावर. मागचीला ना दिवा ठाऊक, ना क्लच तिच्या हाती. स्वतःपुरता धोका पत्करणे हा धाडसाचा किंवा मूर्खपणाचा विषय होईल. परंतु जिला दिवा दिसत नाही तिच्या वतीने ‘काही होत नाही’ असे ठरवणे हा निराळाच विषय आहे. निदान तिला सांगावे. ती म्हणेल, ‘अहो, मग थांबू या की’, आणि बहुधा याच भीतीने सांगितले जात नाही.

हे प्रमाण वाढवून पाहा, म्हणजे भोपाळ समोर येते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब चढू लागला होता आणि नियंत्रण कक्षात तो दिसतही होता. परंतु तेथील मापके वारंवार चुकीचे आकडे दाखवत असल्याने त्यांच्यावरचा विश्वास उडालेला होता, असे नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत नमूद आहे. रात्रपाळीच्या माणसाकडे बोट दाखवणे सोपे असते. पण मापक बिघडले असताना ते दुरुस्त न करता ज्यांनी महिनोन्‌महिने चालवून घेतले, त्यांनी केवळ एक यंत्र नादुरुस्त ठेवले नाही. खऱ्या इशाऱ्याने ज्या माणसाला जागे करायचे, त्याचा कानच त्यांनी आधी बधिर करून टाकला.

तथापि दिव्याकडे डोळे लावून बसणे म्हणजेही विवेक नव्हे. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे एक विमान उतरण्याच्या बेतात असताना पुढचे चाक खाली आल्याचे दर्शवणारा दिवा लागला नाही. त्याचा बल्बच जळाला होता. सारे वैमानिक त्या दिव्यात गुंतले. दरम्यान विमान उंची गमावत आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि ते दलदलीत कोसळून १०१ माणसे दगावली. सतत स्वतःची विवेकबुद्धी चाचपणाऱ्या भाविकांचे असेच होते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:४) आपले मन आपल्याला दोष देत नाही असे सांगून, एवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही असेही लगेच म्हटले आहे. दिवा न लागणे हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. आणि तो लागणे ही शिक्षाही नव्हे.

मग करावे काय? जाणता मेकॅनिक स्विच बदलण्याआधी तो काढून त्या जागी दाबमापक लावतो, इंजिन चांगले तापू देतो आणि आकडा वाचतो. दिव्याची साक्ष दिव्याकडूनच तपासून घेण्यात अर्थ नसतो. आकडा योग्य निघाला तर दोष स्विचचा किंवा तारेचा, आणि ‘दिवा खोटा आहे’ असे म्हणण्याचा अधिकार त्या घटकेपासून प्राप्त होतो, आधी नाही. त्यानंतरही स्विच बदलावाच. खोटा म्हणून ओळखीचा झालेला दिवा पुढे खऱ्या वेळी उपयोगी पडत नाही. आकडा खाली निघाला, तर सुटीचे बेत रद्द, गाडी ट्रकवर आणि खिशाला चाट.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो गाडी विकताना येतो. पुन्हा पुन्हा लागणारा दिवा गिऱ्हाइकाला दाखवावा का? काही जण बल्ब काढून ठेवतात. त्यांच्या लक्षात येत नाही की या गाड्यांवर नुसती किल्ली फिरवली, इंजिन अजून सुरू केले नाही, तर दाब नसल्यामुळे दिवा लागायलाच हवा. माहीतगार गिऱ्हाईक गाडीभोवती चक्कर मारण्याआधी किल्ली फिरवतो आणि प्रथम तेवढेच पाहतो.