कुंपणांतील शिकार

कायद्यानें ज्याची मनाई नाहीं तें सर्व करण्यास योग्यच असतें कीं काय, हा प्रश्न फार जुना आहे. हातीं एखादें उदाहरण घेतल्यावांचून त्याचा विचार केला, तर मन लवकर थकतें आणि निष्पन्न कांहीं होत नाहीं. म्हणून आज आम्ही अमेरिकेंतील टेक्सास राज्यांतली एक चाल वाचकांपुढें ठेवितों. चाल दूरची आहे खरी. परंतु आमचे वाचक बहुतेक शेतकरी आहेत. जनावर पाळणें म्हणजे काय, तें कापणें म्हणजे काय, आणि रानांतलें जनावर उभ्या पिकांत शिरलें म्हणजे मनास कसें वाटतें, हें त्यांस कोणी शिकवावयास नको. तेव्हां ह्या बाबतींत त्यांचा निवाडा शहरांतल्या विद्वानांच्या निवाड्याहून कमी वजनाचा ठरणार नाहीं.

टेक्सासांत बहुतेक सर्व जमीन खाजगी मालकीची आहे. गुरें चारण्याचीं जीं विस्तीर्ण कुरणें तेथें असतात त्यांस 'रँच' म्हणतात. एकेक कुरण शेंकडों, कित्येकदां हजारों एकरांचें असतें. पूर्वीं गुरेंमेंढरें हेंच त्यांचें मुख्य उत्पन्न होतें. पुढें कित्येक मालकांच्या ध्यानांत आलें कीं, बैल विकून जितका पैसा मिळतो त्याहून अधिक पैसा मोठ्या शिंगांचें हरिण मारूं देण्यांत आहे. गुरांचें साधें कुंपण हरिण एका उडीसरशीं ओलांडतें. म्हणून ह्या मालकांनीं कुरणाभोंवतीं सुमारें ८ फूट उंचीचें जाळीचें कुंपण घातलें. आंतलें हरिण आंत आणि बाहेरचें बाहेर राहिलें.

हें हरिण पांढऱ्या शेपटीचें म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या नरास फांटे असलेलीं शिंगें येतात, आणि गिऱ्हाईक येतें तें त्या शिंगांसाठीं. म्हणून कांहीं ठिकाणीं थोर शिंगांचे नर निवडून, आपल्याकडे गाईम्हशींस करितात तसें कृत्रिम रेतन करून, पुढची पैदास करितात, व तीस वर्षभर पौष्टिक खुराक देतात. शिंगांची लांबी, घेर आणि फांटे इंचांनीं मोजून बेरीज करितात. त्या बेरजेवर दर ठरतो, आणि तो हजारों डॉलरांपर्यंत जातो. ठरलेल्या वेळीं आपोआप मका टाकणारें यंत्र रानांत उभें असतें. त्याचा आवाज हरिणांच्या ओळखीचा झालेला असतो. थोड्या अंतरावर आडोशाची खोली असते, व तींत गिऱ्हाईक बंदूक घेऊन बसतें. सर्वच कुरणांवर हें सर्व होतें असें नाहीं. परंतु पुष्कळांवर होतें.

आणखी एक गोष्ट वाचून आमच्या वाचकांस नवल वाटेल. १९३० नंतरच्या दशकांत आपल्या देशांतले काळवीट आणि चितळ टेक्सासांत नेऊन सोडण्यांत आले, आणि आज तेथें त्यांचे मोठे कळप आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, रेहेकुरीच्या अभयारण्यांत, ज्या काळवीटाच्या केसासही धक्का लावण्याची मनाई आहे, त्याच जातीच्या काळवीटाचें नांव तिकडे दरपत्रकांत छापलेलें आढळतें.

आतां ह्या धंद्याच्या बाजूनें जें बोललें जातें तें आधीं प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. प्रतिपक्षाचें म्हणणें दुबळें करून मांडावें आणि मग तें खोडून टाकावें, हीही एक प्रकारची कुंपणांतील शिकारच होय.

पहिलें म्हणणें असें कीं, शिकाऱ्यांनींच हरिणें राखिलीं. १९०० च्या सुमारास अमेरिकेंत पांढऱ्या शेपटीचीं हरिणें कांहीं लाखांवर आलीं होतीं. आज तीं सुमारें ३ कोटी असावींत, आणि एकट्या टेक्सासांत ५० लाखांहून अधिक आहेत. १९३७ सालीं तेथें कायदा होऊन बंदुकी व दारूगोळा ह्यांवरील कराचें उत्पन्न वन्य जनावरांच्या रक्षणाकडे लाविलें गेलें. दुसरें म्हणणें असें कीं, लांडगे बहुतेक भागांतून नाहींसे झाल्यामुळें हरिणें अतोनात वाढतात, आणि कांहीं मारिलीं नाहींत तर पाला संपून उपाशीं मरतात. तिसरें असें कीं, शिकारीच्या उत्पन्नामुळें पुष्कळ जमीन नांगराखालीं जाण्यांतून किंवा घरांसाठीं विकली जाण्यांतून वांचली. शिवाय पाकिस्तानांतले काळवीट नष्ट झाल्यावर १९७० सालीं तेथें पुन्हां वाढविण्यासाठीं जे काळवीट आणिले, ते टेक्सासांतूनच आणिले होते. हीं म्हणणीं पोकळ नाहींत, आणि आम्ही तीं मान्य करितों.

परंतु सर्वांत जड प्रश्न पुढेंच आहे. तो असा कीं, "तुम्ही दावणीचें बकरें कापून खातां, तें तर दहा फूटही पळूं शकत नाहीं. आमचें हरिण चारपांच वर्षें मोकळ्या रानांत हिंडतें, पोटभर खातें, आणि एका गोळीनें मरतें. मग निर्दय कोण?" ह्या प्रश्नास चटकन् उत्तर देतां येत नाहीं, आणि देऊंही नये. केवळ जनावराच्या दुःखाचें माप घेतलें, तर आपल्या पुष्कळ बकऱ्यांपेक्षां, आणि पिंजऱ्यांत वाढविलेल्या कोंबड्यांपेक्षां तर खचितच, कुंपणांतलें हरिण सुखी ठरेल. जो मनुष्य मांस खातो त्यानें हें कबूल केल्यावांचून पुढें एक शब्दही बोलूं नये.

तर मग दोष असला तर तो कोठें आहे? येथें एक प्रसिद्ध हकीकत उपयोगी पडेल. १९०२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यांत अस्वलाच्या शिकारीस गेले होते. त्यांचा वाटाड्या होल्ट कॉलियर हा पूर्वीं गुलामगिरींत वाढलेला, आणि शिकारींत अत्यंत निष्णात होता. कुत्र्यांनीं एक अस्वल कोंडलें. कॉलियरनें त्यास बंदुकीच्या दस्त्यानें घायाळ करून झाडास बांधिलें, व पाहुण्यांस बोलावणें पाठविलें, हेतु हा कीं त्यांनीं येऊन गोळी झाडावी. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्याचें रूझवेल्ट ह्यांनीं साफ नाकारिलें. वर्तमानपत्रांत त्याचें चित्र आलें, आणि त्यावरून मुलांचें जें खेळण्यांतलें अस्वल निघालें तें आज आपल्या खेड्यांच्या बाजारांतही मिळतें. परंतु खेळणें घेणारांस गोष्टीचा शेवट सहसा ठाऊक नसतो. अस्वल सुटलें नाहीं. तें फार घायाळ झालें होतें म्हणून, त्यास यातनांतून सोडवावें असें रूझवेल्ट ह्यांनीं सांगितलें, आणि तें सुरीनें मारण्यांत आलें.

ह्या हकीकतींत दोन निरनिराळ्या गोष्टी स्पष्ट दिसतात. एक शिकाऱ्याची अब्रू, आणि दुसरी जनावराचा जीव. रूझवेल्ट ह्यांनीं आपली अब्रू राखिली, आणि आमच्या मतें योग्य केलें. पण त्या अब्रूनें अस्वलाचा जीव वांचला नाहीं. कुंपणांतील शिकारीविषयीं बोलतांना हे दोन प्रश्न एकांत एक मिसळतात, आणि त्यामुळेंच वाद संपत नाहीं. आपण ते वेगळे घेऊं.

अब्रूचा प्रश्न आधीं घेऊं. रूझवेल्ट ह्यांनीं १८८७ सालीं 'बून अँड क्रॉकेट' नांवाचा शिकाऱ्यांचा संघ स्थापिला. मोठ्या शिंगांची नोंद ठेवणारा हाच संघ होय, आणि जेथून जनावरास निसटतां येत नाहीं अशा कुंपणांत मारिलेल्या शिंगांची नोंद हा संघ आपल्या वहींत घेत नाहीं. म्हणजे मांसाहारास किंवा शिकारीस विरोध करणारे लोक हा दोष काढितात असें नव्हे. शिकारीच तो काढितात. कारण उघड आहे. खाटिक बकरें कापतो, पण बकऱ्याचें मुंडकें भिंतीवर लावून पाहुण्यांस 'पहा माझा पराक्रम' असें म्हणत नाहीं. तो जें करितो तेंच सांगतो. कुंपणांतल्या गिऱ्हाइकास मांस हवें असतें असें म्हणावें, तर दरपत्रकच त्याविरुद्ध साक्ष देतें. मादीचा दर नराच्या मानानें फारच थोडा असतो, आणि मांस तर दोहोंचेंही खातां येतें. म्हणजे हजारों डॉलर जातात ते शिंगांसाठीं. आणि हीं शिंगें कशीं असतात? आपल्या सांबराच्या शिंगांप्रमाणें हींही गळून पडतात. दर हिवाळ्यांत, मिलनाचा काळ सरल्यावर, नर तीं आपण होऊन टाकितो, व पुढें त्यास नवीं येतात. थोडे दिवस वाट पाहिली असती तर जमिनीवर पडलेलीं तींच शिंगें वेंचून घेतां आलीं असतीं. तेव्हां ह्या व्यवहारांत विकत घेतलें जातें तें मांसही नव्हे आणि शिंगेंही नव्हेत. आपण कांहीं जिंकलें असें लोकांस वाटावें, एवढ्यासाठीं तें मोल आहे. हें एक असत्य आहे, आणि त्याचें मोल एका जिवानें दिलेलें आहे.

येथें भेद केला पाहिजे. ५० एकरांचें आवार आणि दाट झुडपांचें १०,००० एकरांचें रान हीं एकच नव्हेत. मोठ्या रानांत शिकारी रिकाम्या हातानेंही परततो. जेथें हुकण्याचा संभव खरा आहे तेथें दोष त्या मानानें उणा आहे. आणि जो मनुष्य कळप फार वाढला म्हणून, घरीं मांस हवें म्हणून हरिण मारितो, व तितकेंच सांगतो, त्यास आम्ही दोष देत नाहीं.

दुसरा प्रश्न जनावराचा. ज्यास आपण कोंडिलें त्याचा भार आपल्यावर आला, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मोकळ्या रानांतलें हरिण दुष्काळांत दुसरीकडे जाईल. कुंपणांतलें जाऊं शकत नाहीं. म्हणून त्यास दाणापाणी देणें व कळप मर्यादेंत ठेवणें हें मालकाचें कर्तव्यच होतें, आणि चांगले मालक तें करितातही. परंतु यंत्राचा आवाज ऐकून विश्वासानें आलेल्या जनावरास मारून, 'हें रानटी होतें, मीं तें हुडकून काढिलें' असें सांगणें, म्हणजे पाळल्याचा लाभ घेऊन पाळल्याचें नांव मात्र न घेणें होय. शेतकरी आपल्या बकऱ्याविषयीं असें कधीं बोलत नाहीं.

तिसरी एक गोष्ट शेजाऱ्यांची आहे. टेक्सासच्या कायद्याप्रमाणें रानांतलीं हरिणें जनतेचीं आहेत. जमीन मात्र मालकाची. कुंपण घातलें म्हणजे जनतेचें जनावर एकाच्या दाराआड जातें, आणि ज्यापाशीं पैसा नाहीं तो शेजारी बाहेर राहतो. पैदाशीचीं हरिणें गाडींत घालून दूरदूर नेतात, आणि त्याबरोबर रोगही जाऊं शकतो. हरिणांचा एक झीजरोग आहे. त्यांत जनावर महिनोन् महिने खंगत जाऊन मरतें. त्यास औषध नाहीं, लसही नाहीं, आणि त्याचें विष मातींत वर्षानुवर्षें टिकतें. १९६७ सालीं कोलोरॅडो राज्यांत बंदिस्त हरिणांमध्यें तो प्रथम दिसला. टेक्सासांत तो २०१२ सालीं पश्चिमेच्या डोंगरांतील मोकळ्या हरिणांत सांपडला, आणि २०१५ सालीं पैदाशीच्या एका आवारांत. सर्व दोष कुंपणाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तरी एकाच्या हौसेची जोखीम सर्वांच्या रानानें सोसावी काय, हा प्रश्न उरतोच. मोंटाना राज्याच्या मतदारांनीं २००० सालीं मतदान करून पैसे घेऊन कुंपणांत शिकार करूं देणें बंद केलें. टेक्सासांत तें चालूं आहे. एकाच देशांत कायदा दोन प्रकारचा आहे, म्हणून सदसद्विवेकानें कायद्याकडे बोट दाखवून मोकळें होतां येत नाहीं.

आतां वाचक म्हणतील, आम्हांस ह्याचें काय? आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यानें काळवीटास अभय मिळालें आहे, आणि हजारों डॉलर कोणापाशीं आहेत? खरें आहे. परंतु कुंपण तारेचेंच असतें असें नाहीं. ज्यास उत्तर देतां येत नाहीं अशा पोरास चारचौघांत निरुत्तर करून शिक्षक आपला दरारा मिरवितो. ज्याचें घर कर्जांत बुडालें आहे त्यास पंचांपुढें उभें करून सावकार आपला न्यायीपणा दाखवितो. गांवांतल्या निरक्षर मनुष्यास चार प्रश्नांत गप्प करून उपदेशक 'वादांत जय मिळाला' असें पत्र लिहितो. आणि तशीं पत्रें आम्हांकडेही येतात. समोरच्यास निसटण्यास वाट नव्हती, एवढेंच पत्रांत लिहावयाचें राहून जातें.

म्हणून आम्ही एक सोपी परीक्षा सुचवितों. भिंतीवर जें लावावयाचें, किंवा चारचौघांत जें सांगावयाचें, त्याची सबंध हकीकत आपणांस सांगतां येईल काय? कुंपण किती उंच होतें, दाणा कोणीं टाकिला, मोल किती दिलें, हें सर्व सांगूनही जो मान उरतो तो खुशाल घ्यावा. तें सांगतांना जीभ अडखळत असेल, तर बंदूक उचलण्यापूर्वींच ती खालीं ठेवावी हें बरें.