बुद्रुक आणि खुर्द

एकाच नावाचे दोन इसम एका कचेरीत आले, म्हणजे आस्थापना शाखेतील कारकुनाची जी त्रेधा उडते, तीच एका नावाच्या गावांमुळे टपाल आणि रेल्वे खात्यांची पिढ्यान्‌पिढ्या उडत आली आहे. शिरूर म्हटले, तर कोणते? घोडनदीच्या काठचे, बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, की लातूरकडचे शिरूर अनंतपाळ अथवा शिरूर ताजबंद? वडगाव म्हटले, तर एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशी चार उत्तरे तयार. अर्जावर गावाचे नाव सुवाच्य आणि तालुक्याचा रकाना कोरा असला, की तो कागद तीर्थयात्रेला निघतो; परततो तेव्हा त्यावर मजकुरापेक्षा शिक्केच अधिक असतात. कारकुनी दृष्टीला नामसाम्य हा एक दोष आहे, आणि दोष म्हटला की त्याचे निवारण आलेच.

आपल्या देशात ते निवारण १५ ऑगस्ट १९७२ रोजी झाले. त्या दिवशी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. सारखी नावे, निरनिराळ्या भाषांतील निरनिराळी लेखने आणि अपुरे पत्ते यांतून होणारा घोटाळा थांबावा, हा त्याचा हेतू. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी होते आणि शिवाय संस्कृत कवी होते. नावांच्या गुंत्यावर आकड्यांचा उतारा शोधावा तो एका कवीने, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पुण्याची सदाशिव पेठ आता ४११०३० आहे. साताऱ्यातील सदाशिव पेठेचा आकडा ४१५ने सुरू होतो. आणि मी नोकरीनिमित्त राहतो त्या तंजावूरचा ६१३ने. पत्र चुकत नाही. परंतु आकडा पत्राला वाट दाखवून थांबतो. एका नावाच्या दोन ठिकाणांचे परस्परांशी नाते काय, हे तो सांगत नाही. नामसाम्याने एकाचा दुसऱ्यावर काही अधिकार उत्पन्न होतो काय? होत असेल, तर कोणाचा कोणावर? स्वप्रांताबाहेर राहणाऱ्या आपणां मंडळींना हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही.

आकडे येण्याच्या कितीतरी आधी आपल्या खेड्यांनी स्वतःचा तोडगा काढला होता. एका नावाची दोन गावे शेजारी वसली, म्हणजे एक बुद्रुक आणि दुसरे खुर्द. कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द. आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द. मूळ शब्द फारसी. बुजुर्ग म्हणजे थोरला, खुर्द म्हणजे धाकटा. दफ्तरातून ते वेशीवर आले आणि इतके रुळले, की त्यांचे फारसीपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. तोडगा सोयीचा खराच. पण त्याच्या पोटात एक निवाडा दडलेला आहे. दोघांना वेगळे ओळखायचे, तर एकाला थोरले आणि दुसऱ्याला धाकटे ठरवलेच पाहिजे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आणि हा निवाडा एकदा झाला, की त्यावर अपील नाही. खुर्दाची वस्ती पुढे बुद्रुकाच्या दुप्पट झाली, तरी ते खुर्दच राहते.

जुन्या वैयाकरणांची वाट याहून निराळी. एका शब्दाचे अनेक अर्थ असतील, तर त्यांतील नेमका कोणता घ्यावा, हे ठरवण्याची साधने भर्तृहरीने वाक्यपदीयात मोजून दिली आहेत : संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी. राम आणि लक्ष्मण म्हटले, की राम दशरथाचा. राम आणि अर्जुन म्हटले, की परशुराम आणि कार्तवीर्य, कारण त्या दोघांचे वैर प्रसिद्ध. जेवणाच्या पानावरून सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. या विचारात कोणताही राम थोरला नाही आणि कोणताही धाकटा नाही. ज्याची त्याची ओळख त्याच्या सोबत्यावरून, प्रसंगी वैऱ्यावरूनही. दफ्तर विचारते, यांत मोठा कोण? वैयाकरण विचारतो, याच्या सोबत कोण? नामसाम्याची सारी नीती, मला वाटते, या दोन प्रश्नांपैकी कोणता विचारायचा या निवडीत आहे.

महाराष्ट्रातील पेठा घ्या. पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, सोलापूर या साऱ्या शहरांतून वारांच्या पेठा आहेत. पुण्याची मंगळवार पेठ पूर्वी शाइस्तेखानाच्या नावाने शास्तापूर होती. बुधवार पेठेला औरंगजेबाने आपल्या नातवाच्या नावावरून मोहियाबाद म्हटले होते. खान गेला, बादशहा गेला, वार तेवढे राहिले. वार कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणूनच तो पाच शहरांत सुखाने नांदू शकतो. व्यक्तीचे नाव टिकते, तेही बहुधा व्यक्तीचा विसर पडल्यावर. पुण्याची सदाशिव पेठ १७६१ मध्ये पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, हे तेथे भाजी घेणाऱ्याच्या मनात येत नाही. तरीही बुद्रुक आणि खुर्द येथे आहेतच. पुणेकर नुसते ‘सदाशिव पेठ’ म्हणून थांबतो. सातारकराला मागे ‘साताऱ्याची’ हे जोडावे लागते. ज्याला काही जोडावे लागत नाही तो बुद्रुक, ज्याला लागते तो खुर्द. उलट शाहूपुरी पाहा. ती साताऱ्यात आहे आणि कोल्हापुरातही आहे. सातारकराच्या मनात शाहू म्हणजे थोरले शाहू महाराज (१६८२–१७४९), कोल्हापूरकराच्या मनात राजर्षी शाहू (१८७४–१९२२). दोघेही नुसतेच शाहूपुरी म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही.

आता तंजावूरकडे वळू. आपल्या बखरींतील चंदावर ते हेच. व्यंकोजीराजे भोसले १६७५-७६ च्या सुमारास येथे सत्ताधीश झाले आणि त्यांच्या वंशाचे राज्य १८५५ पर्यंत नावाने तरी चालले. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत त्यांनी येथेही पाळली. व्यंकोजींचा पुत्र शहाजी (राज्यकाल १६८४–१७१२) हा शहाजीराजांचा नातू. सरफोजी या नावाची यात्रा तर याहून लांबची. मालोजीराजांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफजीचा सरफोजी झाला, तमिळ मुखी त्याचा सरबोजी झाला आणि पंडितांच्या लेखणीत शरभोजी, शरभेंद्र झाला. एका पिराचे नाव शिवाच्या शरभरूपापर्यंत जाऊन पोहोचले आणि वाटेत त्याला कोणी दाखला विचारला नाही.

माणसांच्या नावांचे असे झाले. गावांच्या नावांचे मात्र तसे झाले नाही. शहाजीने १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम ठेवले. राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे अन्नछत्रे निघाली, तेव्हा ओरत्तनाडूचे मुक्तांबाळपुरम आणि नीडामंगलमचे यमुनांबाळपुरम झाले. समुद्रकाठी शरभेंद्रराजपट्टणम आले. तेथे दुसऱ्या सरफोजीने नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ एक उंच बुरूज उभारला. आज तिरुविशनल्लूर पुन्हा तिरुविशनल्लूर आहे आणि ओरत्तनाडू ओरत्तनाडू आहे. राजांनी दिलेली नावे इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक, गाडीच्या वाहकाला नव्हेत. समुद्रकाठच्या त्या बुरुजाला मात्र अवघा तमिळ मुलूख ‘मनोरा’ म्हणतो. राजाचे भारदस्त नाव कागदावर राहिले. लोकांच्या तोंडी राहिले ते आपल्या भाषेतील एक साधे सामान्यनाम. त्या सामान्यनामाने कोणाची जागा घेतली नव्हती. शहाजीराजपुरम या नावाला मात्र आधीच्या नावावर बसावे लागले होते.

यावरून राजांना दोष देण्याची घाई नको. पुण्याचे शिवाजीनगर एके काळी भांबुर्डे होते. ते नाव पुसले गेल्याची खंत आपल्यापैकी कितीजणांना वाटते? नवे नाव आपल्याला प्राणप्रिय असले, म्हणजे खालच्या जुन्या नावाचा दाब जाणवत नाही. तो ज्याचे ते जुने नाव असते त्यालाच जाणवतो.

तमिळ देशाने नामसाम्याचा आणखी एक मार्ग अनुसरला, आणि तो मला फार उमदा वाटतो. राजराज चोळाने सुमारे १०१० मध्ये पूर्ण केलेल्या येथील बृहदीश्वराच्या मंदिराला दक्षिणमेरू म्हटले गेले. तेन्काशी म्हणजे दक्षिणेची काशी. तंजावूरजवळचे तिरुवैयारू हे काशीच्या तोडीच्या सहा क्षेत्रांत मोजले जाते. कावेरीला येथे दक्षिणगंगा म्हणतात. गोदावरीकाठच्या माणसाला हे प्रथम ऐकताना जरा झोंबते, कारण दक्षिणगंगा म्हणजे आपली गोदा, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. कोल्हापूरही दक्षिण काशीच. परंतु या वाटणीत गंगेचे पाणी थेंबभर कमी झाले नाही आणि काशीचे पुण्य उणावले नाही. येथे नाव घेणाऱ्याने ‘दक्षिण’ हे पद आपण होऊन जोडले आहे, म्हणजे धाकटेपण स्वतः पत्करले आहे. स्वतः पत्करलेले खुर्दपण ही भक्ती असते. दुसऱ्याने लादलेले खुर्दपण हा अपमान असतो. शब्द तोच, पण तो उच्चारणारा कोण यावर सारे अवलंबून.

आणि आता ज्या नामसाम्यासाठी एवढा प्रपंच केला, ते सांगतो. ते नाव म्हणजे मराठी. तंजावूर-कुंभकोणम भागात घरात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांतील देशस्थांना तमिळ शेजारी रायर म्हणतात. बदलीवर आलेला आपला अधिकारी त्यांच्या घरी जातो आणि कॉफीचा दुसरा पेला येण्यापूर्वी त्यांच्या बोलण्यावर हसतो. हसू मायेचे असते, हे मान्य. पण त्यात निवाडा असतो. आपल्या भाषेला आपण नुसते मराठी म्हणतो आणि त्यांच्या भाषेला ‘तंजावरी मराठी’. मागे गावाचे नाव जोडले, की खुर्दपण लादून झाले. दुसऱ्या बाजूने हाच अधिकारी वाड्यापाशी उभा राहिला, की ‘हे सारे आपले होते’ असे उद्गार काढतो. नावाच्या आधारे तो माणसांना दूर करतो आणि त्याच नावाच्या आधारे दगडांवर हक्क सांगतो.

वयानेच ठरवायचे म्हटले, तर आपली पंचाईत आहे. शहाजीच्या नावावर ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक आहे. आणि आपण मराठी रंगभूमीचा आरंभ धरतो तो विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या सीतास्वयंवरापासून. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर. बृहदीश्वराच्या प्राकारात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख आहे, तो १८०३चा. मग बुद्रुक कोण? पण वयाचा दाखला काढून तंजावूरला थोरलेपण बहाल करावे, असे मी म्हणत नाही; त्याने दफ्तर तेच राहून केवळ नावांची अदलाबदल होईल. वैयाकरणाचा प्रश्न विचारावा : याच्या सोबत कोण? त्यांची मराठी तमिळ आणि तेलुगूच्या सोबतीने राहिली, आपली फारसी, कानडी आणि इंग्रजीच्या. ज्या बुद्रुक-खुर्द शब्दांनी आपण गावे निवडतो, तेच मुळी सोबत्याकडून आलेले. त्यांच्या वाक्यातील तमिळ वळणाला हसण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.

याची झळ आपल्या घरापर्यंत येते. बदलीच्या गावी वाढणारी आपली मुले घरात मराठी बोलतात, ती शेजारच्या भाषेचा सूर घेऊनच. उन्हाळ्याच्या सुटीत ती आजोळी जातात, तेव्हा मामेभावंडे त्यांच्या बोलण्यावर हसतात. ते हसूही मायेचेच असते. त्या मुलांना आपण काय सांगणार? तुमची मराठी धाकटी आहे, असे? ते सांगवत नाही. मग तंजावूरच्या रायरांविषयी ते मनात आणण्याचाही आपल्याला अधिकार नाही. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वजही घर सोडून दूरच्या चाकरीवर निघालेले होते. आपली बदली रद्द होते, त्यांची झाली नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्या जुन्या घरांतून एक चाल होती. सासऱ्याचे नाव मुलाला ठेवले, म्हणजे सून ते नाव उच्चारीत नसे. मुलाला हाक मारण्यासाठी ती दुसरे नाव योजी. त्या चालीत जाचही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका नावाचे दोन धनी असले, म्हणजे ते नाव जपून घ्यावे, एवढी जाण तिच्यात होती. तेवढा संकोच आपण बाळगला, तर आपल्या नावाचा परका माणूस भेटताच त्याला थोरला की धाकटा ठरवण्याआधी आपण विचारू, की आपल्या सोबत आजवर कोण कोण होते. आणि उत्तर संपेपर्यंत ऐकत बसू.