मृत्युपत्र आणि दिलेला शब्द

मृत्युपत्र एकदा लिहून पेटीत ठेवले की आपण निश्चिंत होतो; कर्तव्य पार पडले असे आपल्याला वाटते. परंतु तो कागद तुम्ही शेवटचा केव्हा वाचला?

मी माझा गेल्या वर्षी वाचला. पंधरा वर्षांपूर्वी तो लिहिताना मुलगा आमच्याजवळ राहील व मुलगी सासरी जाईल, असे मी गृहीत धरले होते. म्हणून घर मुलाच्या नावे लिहिले व त्याला तसे सांगितलेही. प्रत्यक्षात मुलगा परप्रांती स्थायिक झाला. मुलीने विवाह केला नाही; अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा तीच करते. दोन साक्षीदारांपैकी एक प्रभूमध्ये निजला आहे. कागद जसाच्या तसा होता; तो ज्या कुटुंबाविषयी बोलत होता, ते मात्र तसे उरले नव्हते.

तरीही मुलाला दिलेला शब्द मागे घ्यावा काय? गलतीकरांस पत्रात (३:१५) पौल म्हणतो की, कायम झालेला मनुष्याचा करारदेखील कोणी रद्द करीत नाही. तेथे मूळ ग्रीक शब्द ‘दियाथेके’ आहे. भाषांतर करताना या शब्दापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे, कारण त्याचा अर्थ करार असाही होतो व मृत्युपत्र असाही. इब्री लोकांस पत्र (९:१६-१७) सांगते की, करणारा जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र अमलात येत नाही. मग तोवर ते तपासण्याची आपल्याला मोकळीक आहे. एवढेच नव्हे, तर ती आपली जबाबदारी आहे. कारण ज्या दिवशी ते बोलू लागेल, त्या दिवशी त्याची चूक सुधारण्यास आपण नसू.

गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली आपले वतन मागतात, आणि परमेश्वर त्यांचे म्हणणे रास्त ठरवतो. ३६व्या अध्यायात नवी अडचण पुढे येते, तेव्हा त्याच निर्णयाला पुरवणी जोडली जाते. कोणाचेही वतन नाहीसे होऊ नये हा हेतू कायम राहिला. तो टिकावा म्हणूनच नियमात भर पडली.

आपल्यापैकी बहुतेकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. गोव्याचा कायदा निराळा आहे. या कायद्याप्रमाणे विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाह होताच सामान्यतः रद्द ठरते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. सही व दोन साक्षीदार यांवाचून नंतर केलेली खाडाखोड निरर्थक असते. साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला दिलेला वाटा त्यांना मिळत नाही. तेव्हा घरात विवाह, जन्म वा मृत्यू झाला, मालमत्ता घेतली वा विकली, कोणी परावलंबी झाले, अथवा ज्याच्यावर अंमलबजावणी सोपवली तो वारला किंवा थकला, की पेटी उघडावी.

मात्र रागाच्या दिवशी लेखणी हाती धरू नका. परिस्थिती बदलली म्हणून केलेला बदल न्यायाचा असू शकतो. मन दुखावले म्हणून केलेला बदल बहुधा सूडाचा असतो. या दोहोंतील फरक ओळखण्याची एक कसोटी मला सापडली आहे: बदलाचे कारण ज्याचा वाटा घटतो त्याला आपण जिवंतपणी, समोरासमोर सांगू शकतो काय?

मी सही करण्यापूर्वी मुलाकडे गेलो. घर त्याच्या बहिणीला व ठेवी त्याला, असे का ठरवले ते सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा, हे मला तुमच्या तोंडून कळले, हे बरे झाले.” त्याला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. दिलेला शब्द मी बदलला, हे खरेच आहे. पण माझ्या पश्चात एका कागदाने त्याला ते सांगावे, ही वेळ मी त्याच्यावर आणली नाही.

वाचकहो, तुमची पेटी आज उघडा.