एका सळईवरची बिजागरी

आलापल्ली,
सप्टेंबर

चि. भाचीस,


तू पाठवलेले फोटो चष्मा लावून दोनदा पाहिले. जिप्सीच्या मागच्या दाराची वरची बिजागरी मुळाशी तडकली आहे आणि सगळा भार खालचीवर आला आहे. 1 ऑक्टोबरला ताडोब्याचे कोअरचे गेट उघडतात, त्याआधी बाबांची गाडी तयार हवी, पार्ट मिळत नाही, म्हणून घरीच बनवू का, असं तू विचारलंस. बनव. आयटीआयचा वेल्डर ट्रेड केलेल्या मुलीला मोहर्लीच्या पडवीत हे काम जमेल, मला शंका नाही. जिप्सी 1985 च्या डिसेंबरात आली आणि 2019 पासून सामान्य गिऱ्हाइकाला नवी मिळत नाही. जंगलात मात्र ती रोज धावते. ती चालती ठेवायची तर आपल्यासारख्यांनाच हात काळे करावे लागणार.

मशीन लावण्याआधी दाराची कडी बघ. फोटोत तिचं रबर झिजलेलं दिसतं. कडी घट्ट असली की धावत्या गाडीत अर्धा भार ती घेते. ढिली झाली की सफारीच्या कच्च्या रस्त्यावर दार दिवसभर नाचतं आणि सगळे धक्के बिजागऱ्या खातात. तुझी बिजागरी जुनी झाली म्हणून तुटली नाही, कडीनं साथ सोडली म्हणून तुटली, असं माझं मत आहे. तेव्हा कडी आधी.

आता भाराचं गणित. दार आणि त्यावरचं स्टेपनीचं चाक मिळून 36 किलो धर. त्या वजनाचा मध्य बिजागरीपासून 40 सेंटीमीटरवर आहे असं समज. दोन बिजागऱ्यांमध्ये 20 सेंटीमीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी 72 किलोच्या ताकदीनं बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोरानं आत दाबली जाते. अंतर 40 केलंस की तोच जोर 36 वर येतो. हे गाडी उभी असतानाचं. खड्ड्यात आदळली की कितीतरी पटीनं वाढतं. म्हणून वरची नेहमी आधी जाते. मूळ भोकांची जागा बदलू नकोस, पण आतून पत्रा चाचपून बघ. भोकं लांबट झाली असतील तर नव्या बिजागरीचे बोल्टही त्या पातळ पत्र्यात टिकणार नाहीत. आतून 3 मिलिमीटरची पट्टी दे आणि बोल्ट तिच्यातून आरपार घे.

आता वेल्डचं. लहानपणी आपल्या गावच्या, लोहारकाम करणाऱ्या खात्याला बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तू पाहिलं असशील. चाकापेक्षा किंचित लहान धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड गार होताना आखडतं आणि सगळे आरे करकचून आवळून धरतं. जुन्या चांदा जिल्ह्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. 1982 च्या ऑगस्टात त्यातून गडचिरोली वेगळा झाला, पण दोन्हीकडच्या खात्यांचा हात एकच. जे आखडणं त्यांच्या कामी येतं, तेच वेल्डिंगमध्ये आपल्याला छळतं. एका बाजूला सलग वेल्ड मारला की पट्टी त्या बाजूला ओढली जाते, आणि भोकाची रेघ सुटते.

मी बावीस वर्षांचा असताना हे शिकलो. बांबूच्या ट्रकचा मागचा फाळका होता, त्याला तीन बिजागऱ्या. मी प्रत्येक बिजागरी वेगळी मापून, वेगळी झाळून बसवली. एकेक बघितली तर देखणी होती. फाळका मात्र हिसका दिल्याशिवाय उघडेना, आणि आठव्या दिवशी मधली पिन कापली गेली. बांबू रस्त्यावर सांडला. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. माझे उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तिन्ही बिजागऱ्या माझ्याकडून ग्राइंडरनं काढवल्या, एक लांब सरळ सळई तिन्ही नळ्यांमधून आरपार घातली आणि म्हणाले, आता झाळ. मधली नळी दीड सूत बाहेर होती. दीड सुतानं सहा सुताची पिन कापली होती.

म्हणून तुझंही काम सळईपासून सुरू होऊ दे. एका जाड, सरळ अँगलवर गाडीच्या खांबाची भोकं जशीच्या तशी उतरव. खांबाला उतार असेल तर तोही पॅकिंग देऊन घे. दोन्ही बिजागऱ्यांच्या पट्ट्या त्यावर बोल्टनं आवळ. पट्टी 5 मिलिमीटरची, नळी सीमलेस पाइपची, पिन 12 मिलिमीटरच्या ब्राइट बारची. नळ्यांतून एकच लांब सळई घाल, तिला खडू चोळ म्हणजे चिकटणार नाही. मग नुसते टाके मार: एक या अंगाला, एक त्या अंगाला. पाणी ओतू नकोस, आपोआप गार होऊ दे. सळई हातानं फिरते का बघ. अडली तर टाका तोडून पुन्हा बसव. पूर्ण वेल्डही थोडा थोडा, बाजू बदलत. गनमेटलचे बुश शेवटी, नळीत रीमर फिरवल्यावर. आधी बसवलेस तर उष्णतेनं जातील. पिन खांबाकडच्या नळीत पक्की धर आणि दाराकडच्या बुशात फिरू दे. झीज बुशाची होईल, आणि बुश बदलता येतो. ग्रीससाठी एक भोक ठेवायला विसरू नकोस, पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.

सगळं झाळकाम गाडीपासून लांब कर. जिप्सीची पेट्रोलची टाकी मागेच आहे, आणि ज्या दाराचं काम करतेस त्याच्याच खाली आहे. गाडीवर एखादा टाका मारायचीच वेळ आली, तर मला विचारल्याशिवाय मारू नकोस. काच डोळ्यांपुढे धरल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो.

बाबा म्हणतात तसं दार उलट्या बाजूला उघडणारं करू नकोस. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीची मूळ रचना मनासारखी बदलता येत नाही, आणि ती पर्यटकांची गाडी आहे. होतं तसंच, होतं तिथंच बसव.

इथं पाऊस अजून उघडलेला नाही; पर्लकोटा नदीला पूर आल्यानं भामरागडचा रस्ता बंद आहे. पाऊस उघडला की मी चंद्रपूरला येतो. लेथवर दोन बुश माझ्यासमोर काढून घेऊ. तोवर काम टाक्यांवरच ठेव, पूर्ण वेल्ड मारू नकोस, आणि ती सळई नळ्यांतून काढू नकोस.

तुझा,
मामा