पगार घेऊन कसली समाजसेवा?

छोट्या संस्थेचा अर्ज हाती आला की देणगीदाराची नजर आधी पगाराच्या रकमेवर जाते आणि बरेचदा तिथेच अडते. दप्तरांना, सौरदिव्यांना पैसे निघतात. कार्यकर्त्याने मात्र सेवाभावावर जगावे, अशी आपली जुनी अपेक्षा. काम नेमके काय असते हे पाहिले तर ती टिकत नाही. रायगड, ठाणे, पालघरमधली कातकरी कुटुंबे घ्या. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर पोराबाळांसह वीटभट्टी गाठायची. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर चढते. अशा वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे. पण तो वापरायचा तर कोणीतरी मुकादम आसपास नसताना भट्टीवर जाऊन उचलीचा तोंडी हिशेब लिहून घ्यावा लागतो, मजुरासोबत तहसीलदार नि प्रांतांच्या कचेरीत तारखांना उभे राहावे लागते, मुक्ती प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्या घराची चूल पेटती ठेवावी लागते. पुढे जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँक खाते. यात फोटो काढून अहवालात चिकटवावे असे काहीच नाही. खर्च होतो तो माणसाचा वेळ, आणि ताळेबंदात त्याचे नाव ‘प्रशासकीय खर्च’!

कंपन्या यावर कायद्याकडे बोट दाखवतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात, आणि प्रशासनावर त्यातले पाच टक्केच चालतात, हे खरे. पण ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तीत धरलेला नाही. शिवाय ‘चालू प्रकल्प’ म्हणून सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे पैसे देण्याची सोय नियमांतच आहे. तेव्हा अडचण कायद्याची कमी, सवयीची जास्त.

पगार दिल्याने सेवावृत्ती मरते, हा आक्षेप नेहमीचा. बिनपगारी राबणे ज्याला परवडते त्याच्या घरी दुसरी मिळकत असते. म्हणजे कातकरी वाडीतली शिकलेली मुलगी आपोआप बाद, आणि वाडीचा विश्वास नेमका तिच्यावर. दुसरा आक्षेप वजनदार आहे: छोट्या संस्थांचे हिशेब कच्चे असतात. असतात, आणि काही संस्था केवळ कागदावरच्या असतात हेही नाकारू नये. म्हणून धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, लेखापरीक्षण, देणगीवरील करसवलतीची मान्यता या अटी योग्यच. मात्र चोख हिशेबाला हिशेबनीस लागतो, आणि अर्जातून पहिली काट त्याच्याच पगाराला बसते. वर अनुदानाचे वर्ष मार्चअखेर संपते, तेव्हा भट्ट्या ऐन भरात असतात. नवा करार होईपर्यंत कार्यकर्ता दुसरी नोकरी शोधतो आणि अर्धवट जबाब, प्रलंबित अर्ज फायलीतच राहतात.