पदवीची सनद

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीतून अरविंद मार्गाने दक्षिणेस निघाले म्हणजे हौज खास येथे जी तंत्रसंस्था लागते, ती १९६१ साली एक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली आणि १९६३ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करताच स्वतःची पदवी देण्यास मुखत्यार झाली. उलट पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, ज्याचा उगम १८५४ सालचा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीचा, त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले. हा भेद गुणवत्तेचा नव्हे, धोरणाचा आहे.

महाविद्यालय एखाद्या विद्यापीठास जोडलेले असते त्या संलग्नतेच्या पद्धतीत शिकविणारा एक, अभ्यासक्रम आखणारे मंडळ दुसरे आणि प्रश्नपत्रिका काढणारा तिसराच असल्यामुळे, ज्या विद्येची साधने विद्यार्थ्याच्या शिक्षणकालातच पालटतात तिच्या अध्यापकास कालबाह्य पाठ शिकवीत बसावे लागते. म्हणून आपण शिकविले त्याची परीक्षा आपणच घेण्याचा अधिकार समर्थ अध्यापकवर्गाच्या हवाली करणे, हेच या दर्जाचे खरे प्रयोजन होय.

चिंतामणराव देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, १९५८ साली, अभिमत विद्यापीठाचा मान प्रथम ज्या दोन संस्थांस मिळाला, त्या बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व दिल्लीतील पुसा येथील कृषी संशोधन संस्था यांच्या मागे सुमारे अर्धशतकाची ज्ञानसाधना उभी होती. पुढे हा क्रम कित्येक ठिकाणी उलटला. अधिकार आधी आणि योग्यता मागाहून, असे होऊ लागले, आणि काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीवाचून दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयास लावावा लागला, तेव्हा चालकांच्या बेबंदपणाचा भुर्दंड विद्यार्थ्यांवर पडला.

तथापि या भयाने मार्गच बंद करणे अनुचित ठरेल. दर्जा अवश्य द्यावा, परंतु तो देताना सरकारने आपली तिजोरी मिटून घेऊ नये. कारण शुल्कावरच जगणारे विद्यापीठ कारकुनाच्या वा शेतकऱ्याच्या बुद्धिमान मुलास दारातूनच परत पाठवील. तितकेच महत्त्वाचे हे की, अग्रगण्य संस्था संलग्नतेतून बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांचा भार लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या संस्थांवर येतो, त्यांस पुरेसे अध्यापक व द्रव्य पुरविण्याची तजवीज दर्जा देणाऱ्या त्याच हुकमात असली पाहिजे. मूठभर संस्थांस सनद देऊन बाकीच्यांस वाऱ्यावर सोडणारे धोरण तंत्रशिक्षणाचे धोरण म्हणविण्यास पात्र नाही.