सिंहासन आणि पिंजरा

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या पुरुषाचे जे वर्णन आहे, त्यात एक क्रम आहे. प्रथम धनप्राप्ती, मग शत्रुनाश आणि त्यानंतर ‘मीच ईश्वर’ हा भाव. सत्ता बळकावणाराचा मार्गही हाच असतो. परंतु त्याची पहिली पायरी लोकांस उपकारासारखी भासते.

म्हैसूर शहरात लष्कर मोहल्ला नावाची वस्ती आहे. त्या राज्यातील सत्तापालटाची कथाही लष्करापासूनच सुरू होते. १७५८ मध्ये पगार थकलेल्या शिपायांनी श्रीरंगपट्टणास सर्वाधिकारी नंजराज याच्या दारी धरणे धरले. राजा वोडेयर घराण्यातील, पण नावापुरता, खजिना रिकामा. हैदर अली पुढे झाला, त्याने हिशेब तपासून थकबाकी फेडली. शिपाई सुखावले. त्याच हाताने पुढे म्होरक्यांची धरपकड झाली व त्यांची मालमत्ता जप्त झाली. पण तोवर सैन्य त्याचे झाले होते.

हैदराला लिहितावाचता येत नव्हते. त्याचे हिशेब खंडेराव पाहत असे. धनी आटोपेनासा झाला, तेव्हा १७६० मध्ये हाच खंडेराव राजपक्षाला मिळाला आणि हैदराला रातोरात पळावे लागले. परंतु सत्ता ज्या लेखणीने वाढविली, ती लेखणी तिला कशी रोखणार? पुढल्याच वर्षी हैदराने खंडेरावाच्या सरदारांच्या नावे फितुरीची बनावट पत्रे लिहवून ती त्याच्याच हाती पडतील अशी व्यवस्था केली. संशयाने सेनापती पळाला, सैन्य मोडले. राजवाड्यातून त्याच्यासाठी दयेची याचना झाली, तेव्हा ‘पोपटासारखा सांभाळीन’ असे वचन हैदराने दिले आणि त्याला लोखंडी पिंजऱ्यात घालून दूधभात खाऊ घातला, असे इतिहासकार विल्क्सने नोंदविले आहे.

हैदराचे शौर्य व कारभारकौशल्य नाकारण्याचे कारण नाही. इंग्रजांना त्याने जेरीस आणले. म्हणूनच त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. त्याने सिंहासन मोडले नाही. दसऱ्याला राजा प्रजेला दाखविला जाई, प्रजा हात जोडी आणि घरी जाई. १७७० मध्ये नंजराज वोडेयर या तरुण राजाचा गळा दाबून वध झाला. दुसरा बसविला गेला. पुढल्या दसऱ्याला हात तसेच जोडले गेले.

१७९६ मध्ये खासा चामराज वोडेयर वारले. हैदराचा पुत्र टिपू याने त्यांच्या जागी कोणालाच बसविले नाही. तेवढ्याचीही आता गरज उरली नव्हती.